अक्षदाचे एकतीस तास

अक्षदा शिर्के वारली तेव्हा श्राव्य मंडळाच्या वहीत तिच्या नावासमोर शून्य तास होते. हे शून्य का होतं, ते फक्त जिज्ञासा भोईरला माहीत होतं.

श्राव्य मंडळ म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका कॉलेजातल्या मुलामुलींचं हौशी मंडळ. मोठ्याने वाचायची आवड असलेल्यांनी दर शनिवारी जमायचं, कथा-उतारे वाचायचे, आणि घरी मोबाइलवर अभ्यासाची पुस्तकं वाचून अंध विद्यार्थ्यांसाठी रेकॉर्ड करायची. मंडळाच्या तीन पायऱ्या होत्या. नाव घातलं की सभासद. पंचवीस तासांचं रेकॉर्डिंग झालं की वाचक. साठ तास झाले की निवेदक. निवेदकाला निळा बिल्ला मिळायचा, समाजसेवेचे क्रेडिट मिळायचे आणि वार्षिक संमेलनात स्टेजवर माइक हातात यायचा.

पण नुसतं वाचून तास मिळत नसत. मंडळाच्या यशोधरा मॅडमनी जोड्या लावून दिल्या होत्या. एकीने वाचायचं, दुसरीने ते अथपासून इतिपर्यंत ऐकून चुका काढायच्या आणि सही करायची. सही झाली की तास वहीत चढायचे. तपासणारीला मात्र त्याचं काहीच श्रेय नव्हतं, त्यामुळे तासभर कान देऊन बसायला कोणाला आवडत नसे.

जिज्ञासाच्या जोडीला तिच्याच वर्गातली अक्षदा आली होती. जिज्ञासा बदलापूरच्या पुढच्या गावातली, आगऱ्यांच्या घरातली. पहिल्या वर्षी वर्गात उभं राहून ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाली होती तेव्हा मागच्या बाकावरून हसू आलं होतं. त्या दिवसापासून तिने आवाज घासूनपुसून घेतला होता. रोज पेपर मोठ्याने वाचायची. आता तिचं बोलणं ऐकून कोणी तिचं गाव ओळखलं नसतं, आणि तिला ते हवंच होतं. अक्षदाचं सगळं उलट. ती कॅम्प पाचमध्ये राहायची. वडील हिंदुराव एका कारखान्यात रात्रपाळीला, आई विठा घरातच मशीन टाकून जीन्स शिवायची. अक्षदा बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर तोंडातच अडकायचं आणि समोरच्याचे डोळे खाली जायचे. त्यामुळे शनिवारी ती मागे बसायची आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत निघून जायची. वाचताना मात्र ती अडखळत नसे, असं तिने स्वतःच एकदा चिठ्ठीवर लिहून जिज्ञासाला सांगितलं होतं.

जून ते सप्टेंबर अक्षदाने जिज्ञासाचं सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. एका कागदावर चुका लिहून आणायची. पान बेचाळीस, ‘मृदा’ऐवजी ‘मुद्रा’ झालंय. पान साठ, एक ओळ सुटली. जिज्ञासा त्या दुरुस्त करायची आणि अक्षदा सही करायची. असे जिज्ञासाच्या नावावर साडेएकोणतीस तास चढले. अक्षदाने स्वतःचं रेकॉर्डिंग ऑगस्टमध्ये एका मेमरी कार्डात घालून दिलं, सप्टेंबरात दुसरं कार्ड श्रद्धा नावाच्या मैत्रिणीच्या हाती पाठवलं. स्पर्धा परीक्षेसाठीचं भूगोलाचं जाडं पुस्तक होतं ते. अक्षदाने दोनदा विचारलं, ऐकलंस का. दोन्ही वेळा जिज्ञासाने सांगितलं की या आठवड्यात नक्की. कार्डं तिच्या पेनाच्या पाऊचमध्ये पडून राहिली.

दुसरं कार्ड आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी अक्षदाला दवाखान्यात नेलं. डेंग्यू होता. पाचव्या दिवशी ती गेली. मंडळाने शनिवारी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. यशोधरा मॅडमनी वही उघडून पाहिली आणि म्हणाल्या की गुणी मुलगी होती, पण बिचारीचं काही पूर्ण झालं नाही. जिज्ञासाच्या जिभेवर आलं होतं की झालंय, माझ्याकडे आहे. पण मग इतके दिवस काय करत होतीस, असं कोणीतरी विचारलं असतं. तिने कार्डं पाऊचमध्येच राहू दिली.

जानेवारीत मुदत संपायला दहा दिवस राहिले होते आणि जिज्ञासा साडेएकोणतिसावरच अडकलेली होती. परीक्षा, घरातली हळदीची कामं, चुलतभाऊ अल्पेशचं लग्न, कुठे वेळच मिळाला नव्हता. त्या दुपारी तिने पाऊच उघडला. आपण चोरी करतोय असं तिने मनात म्हटलं नाही. पुस्तक वाया जाऊ नये, कोणालातरी उपयोग व्हावा, एवढंच म्हटलं. पहिली फाइल लावली. धडा संपता संपता आवाज क्षणभर थांबला आणि म्हणाला, “झालं. जिज्ञासा…” तिने झटकन बंद केलं.

मग एकही फाइल तिने ऐकली नाही. मोबाइलच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. शेवटी रेघ सपाट होते आणि त्यापुढे पुन्हा थोड्या लाटा उठतात. प्रत्येक धड्याच्या शेवटच्या त्या लाटा तिने डोळ्यांनीच हेरून कापल्या. मूळ फाइली तशाच कार्डात राहू दिल्या, पुसायला हात धजला नाही. एकतीस तास स्वतःच्या नावाने दिले, तपासनीस म्हणून दुसऱ्या एका मुलीची न ऐकता सही घेतली. मॅडमनी दहा-बारा मिनिटं ऐकून पाहिलं. आवाज थोडा वेगळा वाटतोय, म्हणाल्या. सर्दी होती, जिज्ञासा म्हणाली. मॅडम म्हणाल्या की मग सर्दी तुला मानवते, किती शांत वाचलंयस.

फेब्रुवारीत निळा बिल्ला मिळाला. संमेलनात माइकही मिळाला. पण त्या दिवसापासून तिला रिक्षाने कॅम्प पाचवरून जाणं नको वाटायला लागलं. तिथे गल्लीगल्लीत शिलाई मशिनी चालतात, आणि त्यांची घरघर ऐकली की ती घाईने कानात इअरफोन घालायची, गाणं न लावताच.

महिन्याअखेर मॅडमनी तिला बोलावलं. अंबरनाथ पश्चिमेला राजेंद्र नावाचे एक श्रोते आहेत, पूर्ण अंध, स्पर्धा परीक्षेला बसतायत. त्यांना तिच्या रेकॉर्डिंगबद्दल काही विचारायचंय, जमलं तर भेटून ये. मॅडमना वाटलं ते आभार मानणार असतील.

राजेंद्रचं घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर होतं. त्याच्या आईने, गयाबाईंनी, दार उघडलं आणि चहा टाकायला आत गेल्या. राजेंद्र पस्तिशीचा असेल, ऑफिसात टेलिफोनवर काम करायचा. जिज्ञासाने नमस्कार म्हटलं आणि त्याचा चेहरा किंचित बदलला. पण त्याने बसायला सांगितलं, कशी आलात विचारलं, चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला की दोन गोष्टी आहेत. नववा धडा मध्येच तुटलाय, काळ्या मातीबद्दलचं वाक्य अर्धंच राहिलंय. आणि सहाव्या धड्याच्या शेवटी काहीतरी जास्तीचं राहून गेलंय.

“ते तुम्ही ऐकावं असं वाटलं,” तो म्हणाला आणि त्याने मोबाइलवर बोट फिरवलं.

खोलीत अक्षदाचा आवाज आला. एका श्वासात, न अडखळता.

“आज इथपर्यंत. जिज्ञासा, मध्ये तीनदा मशिनीचा आवाज आलाय, तेवढा कापून टाक. आई थांबत नाही, माल द्यायचाय. आणि एक विचारायचं होतं. समोर आलीस की विचारता येत नाही, इथे बरं आहे. वर्गात तू माझ्या शेजारी बसशील का? मी बोलले नाही तरी चालेल ना? तू बोल, मी ऐकीन.”

मशिनीची घरघर थोडा वेळ राहिली आणि थांबली.

राजेंद्रने मोबाइल मांडीवर ठेवला. “रेकॉर्डिंगवर वाचकाचं नाव जिज्ञासा भोईर आहे,” तो म्हणाला. “माणूस स्वतःलाच असं विचारत नाही. आणि तुम्ही आत आलात तेव्हाच कळलं की हा आवाज तुमचा नाही. मग ही कोण?”

जिज्ञासाने सांगितलं. कार्डं, पाऊच, दवाखाना, सगळं. गयाबाई दारात बशी घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच मागे सरल्या. राजेंद्रने मांडीवरचा मोबाइल पुन्हा हातात घेतला. तो रागावेल, मंडळाला कळवेन म्हणेल असं तिला वाटत होतं.

“दीड महिना मी ह्या आवाजावर अभ्यास करतोय,” तो म्हणाला. “कुठे श्वास घेते, कुठे पाणी पिते, सगळं पाठ झालंय. परीक्षा झाली की भेटून पेढे द्यायचे असं ठरवलं होतं. मला आधी कळायला हवं होतं, ती नाही म्हणून.”

निघताना त्याने एकच मागणं केलं. नवव्या धड्याचा शेवट पाठवा.

तो शेवट पाठवायचा म्हणजे मूळ फाइल उघडणं आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. वडील चंदर शेताकडे गेले होते, आई वेणू बाजारात. जिज्ञासा ओट्यावर बसली आणि तिने कार्ड मोबाइलमध्ये घातलं. नवव्या धड्यात चूक कुठे झाली ते लगेच कळलं. अक्षदा वाक्याच्या मध्येच पाणी प्यायला थांबली होती, रेघ सपाट झाली होती, आणि जिज्ञासाने धडा संपला समजून तिथेच कात्री लावली होती. ती ऐकत राहिली. वाक्य पुरं झालं, धडा पुरा झाला. आणि मग अक्षदा तिच्याशी बोलायला लागली, सहाव्या धड्याच्या शेवटी बोलली होती तशी.

नवव्या धड्याचा शेवट तिने त्याच संध्याकाळी राजेंद्रला पाठवला. त्या दिवशी आणि पुढचे आठ दिवस जिज्ञासा दुसरं काही करत नव्हती. प्रत्येक धड्याच्या शेवटी दोन-तीन मिनिटं. अक्षदाला ठाऊक होतं की पहिली ऐकणारी जिज्ञासाच असणार. म्हणून ती फक्त तिच्याशी बोलत होती. कपाटात गोधड्यांच्या मध्ये बसून रेकॉर्ड करते, आत फार गरम होतं. तुझं ‘ळ’ फार छान आहे, मला आवडतं. परवा तू लाल ओढणी घेतली होतीस. हसणाऱ्यांना तू उत्तर द्यायला हवं होतंस, मला आलं असतं तर मी दिलं असतं. कधी नुसतंच, आज काही नाही सांगायला, पण बंद करावंसं वाटत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी, ऐकतेयस ना.

जिज्ञासाला झोपेतून उठल्यावर पहिला तो प्रश्न ऐकू यायचा. रिक्षात शेजारची बाई फोनवर बोलत असली आणि मध्ये थांबली की त्या जागी तो यायचा. एकदा भाजी निवडताना ती मोठ्याने हो म्हणाली.

“कोनाशी बोलतंस गो?” वेणूने विचारलं. “काय झाला तुला? चेहरा बघ कसा झालाय.”

काही नाही, म्हणून ती उठून गेली. तिला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटायला लागली होती. शनिवारी मंडळात उतारा वाचायला उभी राहिली आणि एका ठिकाणी पाणी प्यायला थांबली. तहान लागली नव्हती. तिथे अक्षदा थांबली असती, म्हणून.

दुसऱ्या कार्डातली शेवटची फाइल तिने सर्वांत शेवटी लावली. धडा किनारपट्टीचा होता. आवाज जड होता, दोन ठिकाणी धाप लागलेली ऐकू येत होती. मग शेवटी,

“जिज्ञासा, चार दिवस ताप आहे. घरी सांगितलं नाही, दसऱ्याचा माल द्यायचाय, आईला वेळ नाही. बाबा झोपलेले असतात. हातावर लाल ठिपके आलेत बारीक. हे कशाचं असतं? तुझी मावशी नर्स आहे ना, तिला विचारशील? उद्या श्रद्धाकडे कार्ड देते. ऐकलंस की मला मेसेज कर.”

जिज्ञासाने मोबाइल खाली ठेवला आणि ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसली. कार्ड मिळालं तो दिवस तिला नीट आठवत होता. त्यापुढची पूर्ण दुपार मोकळी होती, आणि ती मावशीकडेच गेली होती, मेंदी काढायला.

सोमवारी ती यशोधरा मॅडमसमोर उभी राहिली. सगळं सांगून झाल्यावर मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अहवाल विद्यापीठाकडे गेलाय, त्या म्हणाल्या. आता बदलायचं तर चौकशी, पत्रं, मंडळाचं नाव खराब. शिवाय ती मुलगी गेली, तिला आता तासांचा काय उपयोग. तू मात्र क्रेडिट गमावशील, शेवटचं वर्ष आहे. विचार कर आणि उद्या ये.

“मॅडम, मी विचार करूनच आलेय,” जिज्ञासा म्हणाली. “तिचा आवाज आहे तिथे माझं नाव नको.”

नियमाप्रमाणे खोटे तास दिल्यास सगळेच तास जातात. तिचे स्वतःचे साडेएकोणतीसही गेले. ती पुन्हा सभासद झाली. बिल्ला तिने टेबलावर ठेवला. वहीत अक्षदाच्या नावासमोर एकतीस लिहिलं गेलं आणि पुढच्या रकान्यात वाचक. वर्गात बातमी फिरायला एक दिवस लागला. श्रद्धाने तिच्याशी बोलणं सोडलं. जिज्ञासाने ते सोसलं, कारण त्याहून अवघड काम पुढे होतं.

अक्षदाच्या आईला हे आवाज द्यायचे होते. पण शेवटची फाइल द्यायची का, हे तिला कळत नव्हतं. दिली तर आईला कळणार की मुलीने ताप लपवला, आणि कशासाठी लपवला. नाही दिली तर पुन्हा एकदा आपणच कात्री लावणार. दोन रात्री ती त्यावर तळमळली.

रविवारी सकाळी ती कॅम्प पाचला गेली. घर एका गल्लीच्या टोकाला, एकच खोली आणि वर पोटमाळा. दारात कापलेल्या धाग्यांचा निळा ढीग होता. हिंदुराव वर झोपले होते. विठा मशिनीवर होती. जिज्ञासाने नाव सांगितलं तेव्हा तिने पाय थांबवला.

“तूच का ती,” विठा म्हणाली. “लई नाव घ्यायची तुझं. मला वाटायचं तुमची जोडी लई घट्ट असंल.”

जिज्ञासा खाली बसली आणि तिने तेही खोटं आहे असं सांगून टाकलं. मग बाकीचं. विठा ऐकत होती. हातातली पँट तिने घडी घालून बाजूला ठेवली होती, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. तासांचं, बिल्ल्याचं तिला फारसं कळलं नाही, आणि त्यावर ती काही म्हणालीही नाही.

“काकी, शेवटचं एक आहे,” जिज्ञासा म्हणाली. “ते ऐकायला फार जड जाईल. त्यात ती तापाबद्दल बोललीय. तुम्हाला सांगितलं नाही म्हणून.”

विठाने तिच्याकडे बघितलं.

“मला म्हाईत होता ताप,” ती म्हणाली. “पाठीला हात लागला तरी आईला कळतंय. दीडशे पँटी राहिल्या हुत्या. म्हटलं, एवढा माल गेला की जाऊ दाखवायला.” तिने पँट बाजूला सारली. “तिनं लपवलं आन् मी बी लपवलं. ते माझं हाय. त्यात तू येऊ नको. तुझं तू बघ.”

जिज्ञासाला रडू आलं नाही. तिला वाटलं होतं की ही बाई आपल्याला शिव्या देईल, किंवा जवळ घेईल, आणि दोन्हीपैकी काही झालं तर आतलं ओझं हलेल. तसं काही होणार नव्हतं.

निघावं म्हणून ती उठली, तर विठाने हाताने बस म्हणून खूण केली.

“लाव,” ती म्हणाली.

“कोणतं लावू? शेवटी ती जे बोलते ते?”

“ते तुला बोललीय. मला धडा लाव. काय वाचत हुती ते बघू. कपाटात बसायची तासन् तास, मी कदी इचारलं न्हाई.”

जिज्ञासाने पहिला धडा लावला. सह्याद्रीच्या रांगा, घाट, पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या. विठाने मशिनीपुढे बसूनच मागच्या भिंतीला पाठ टेकली. चौथीपर्यंत शिकलेली ती, शब्द कळत असतील नसतील, पण ती मान किंचित हलवत होती, जणू समोर बसून कोणी तिला समजावतंय. मध्ये एकदा रेकॉर्डिंगात मशिनीची घरघर आली तेव्हा तिचा पाय आपोआप पायपट्टीवर गेला आणि लगेच मागे आला. अर्ध्या तासाने तिचे डोळे मिटले. कित्येक दिवसांची झोप राहिलेली असावी, ती बसल्या बसल्याच गाढ झोपली, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर पालथे.

आता आवाज बंद केला तर तिला जाग येईल असं जिज्ञासाला वाटलं. म्हणून ती तशीच बसून राहिली. बाहेर गल्लीत पाण्याची बादली सरकवल्याचा आवाज झाला. कोणीतरी सिंधीत कोणाला तरी हाक मारत होतं. धडा संपला. सपाट शांतता गेली आणि अक्षदा म्हणाली, “झालं. जिज्ञासा, पहिल्यांदाच करतेय, चुकलं असेल तर सांग हं.”

विठाची मान खांद्यावर कलली. जिज्ञासाने मोबाइल उचलून जवळ घेतला, आवाज कमी केला आणि पुढे ऐकत राहिली.